काटा, चमचा आणि गैरहजर सुरी

मराठीत आपण 'काटा-चमचा' म्हणतो. 'काट्या-चमच्याने खाता येतं का तुला?' असं विचारतो. लग्नाच्या बुफेत ताट हातात घेऊन 'काटे-चमचे कुठे ठेवलेत?' म्हणून शोधत फिरतो. हिंदीत याच जोडीला 'छुरी-काँटा' म्हणतात, इंग्रजीत 'नाइफ अँड फोर्क'. दोन्हीकडे सुरी आहे आणि दोन्हीकडे तिचा नंबर पहिला आहे. मराठीने तिला जोडीतून काढलं आणि तिच्या जागी चमचा आणून बसवला.

हे उगाच झालेलं नाही. पुण्यातल्या कुठल्याही उडप्याच्या हॉटेलात बसून आजूबाजूला बघा. इडली चमच्याच्या कडेने तुटते. उत्तप्पा दोन चमच्यांनी ओढून फाडला जातो. डोशाला तर बोटंच लागतात. सुरी मागितली तर वेटर आधी तुमच्याकडे बघेल, मग आत जाऊन कांदा चिरायची आणून देईल.

बाकी मराठीत सुरीचं नाव निघतं ते भांडणात. मानेवर सुरी ठेवतात. मुखात राम आणि बगलेत सुरी असते. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, असं आपण शहाण्यासारखं सांगतो. या सगळ्यात सुरी माणसाच्या अंगावर येते, अन्नावर कधीच नाही. एवढी बदनामी झालेली वस्तू आपण ताटाशेजारी कशाला ठेवू?

म्हणूनच टेबलावरच्या सुऱ्यांकडे मी एखाद्या परक्या भाषेतल्या पुस्तकाकडे बघावं तशी बघते. डिनर नाइफ, बटर नाइफ, फिश नाइफ, स्टेक नाइफ, चीज नाइफ. यांचं वाचन आपल्याकडे कोणी करत नाही. फक्त पाठांतर करून घेतात. हा लेख म्हणजे त्या पाठांतराची समीक्षा आहे. ती करताना एकच प्रश्न हातात धरणार आहे: कापतं कोण?

तक्ता

पाठांतर होतं ते एका तक्त्यावरून. तुम्हीही तो पाहिला असेल. मधोमध प्लेट. डावीकडे काटे, उजवीकडे सुऱ्या, त्यांच्या पलीकडे सूपचा चमचा. डाव्या कोपऱ्यात पावाची छोटी बशी आणि तिच्यावर एक आखूड सुरी. प्लेटच्या वर, आडवे, गोड पदार्थाचे काटा-चमचा. नियम असा की बाहेरून सुरुवात करायची आणि पदार्थागणिक आत सरकत यायचं. पुण्यात हा तक्ता हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात भेटतो, एसएसबीची तयारी करून घेणाऱ्या क्लासात भेटतो आणि कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी होणाऱ्या 'ग्रूमिंग'च्या तासालाही भेटतो.

अशा एका तासाला मी होते. पडद्यावर तक्ता लागला. माझ्या शेजारची मैत्रीण, घरची शेती असलेली, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "एवढ्या सुऱ्या? जेवणात कापायचं काय असतं?" हशा पिकला. शिकवणारे म्हणाले, "असले प्रश्न क्लायंटसमोर विचारायचे नाहीत." आणि पुढची स्लाइड आली.

मला तो प्रश्न त्या तासातला सगळ्यात चांगला वाटला होता, आजही वाटतो. त्या तक्त्याचा मोठा दोष हाच आहे की तो जागा सांगतो, कारण सांगत नाही. कारण कळलं की सुरी हे हत्यार राहतं, दोन मिनिटांत शिकता येतं. कारण कळलं नाही की ती परीक्षा होते, आणि परीक्षेत नापास कोण होणार हे आधीच ठरलेलं असतं.

तर मग कारणं बघू.

लोण्याच्या दोन सुऱ्या

पावाच्या बशीवरची आखूड, गोल टोकाची सुरी म्हणजे बटर स्प्रेडर. ती कापत नाही, फासते. ती ज्याची त्याची. पण जुन्या पद्धतीच्या टेबलावर लोण्याच्या भांड्यापाशी आणखी एक सुरी असते, जरा टोकदार. तिने भांड्यातलं लोणी आपल्या बशीत घ्यायचं आणि सुरी परत भांड्यापाशी ठेवायची. तिने पावाला लोणी लावायचं नाही. पावाला लागलेली सुरी सगळ्यांच्या लोण्यात परत जाता कामा नये, म्हणून या दोन सुऱ्या.

हे वाचताना मला माझी आजी दिसते. तुपाची वाढणी ती कोणाच्या ताटाला टेकू द्यायची नाही. टेकली तर ती तुपाच्या भांड्यात परत जात नसे, उष्टी झाली. युरोपातल्या खानदानी टेबलावर दोन सुऱ्या ठेवून जे साधतात, ते आजी हात चार बोटं वर धरून साधायची. नियम एकच, त्याच्यासाठी घ्यावी लागणारी वस्तू तेवढी वेगळी.

इराण्याने तर हा प्रश्न आणखी सोपा करून टाकला. डेक्कनवरचं 'कॅफे गुडलक' १९३५ सालचं. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्याही इराण्याकडे बनमस्का मागवा. मस्का लावायची सुरी आतच राहते. आतला माणूस बन चिरतो, मस्का फासतो, तुकडे करतो, आणि तुमच्यापुढे सुरीशिवाय बशी येते. कापतं कोण? तो. आपण चहात बुडवायचं.

पण उष्ट्याचा नियम नुसता स्वच्छतेचा नियम म्हणून थांबत नाही, हे पुण्याइतकं कोणाला ठाऊक असणार? १८९० साली इथल्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींनी चहा घेतला. त्यात टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, ही गोष्ट नावांनिशी चव्हाट्यावर आणली आणि शहरात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्या चहात कोणाची उष्टी वाढणी बुडली नव्हती. भांडण कप कोणाच्या हातून आला याचं होतं. वस्तूला लावायचा नियम माणसाला लावला की काय होतं, याचं हे आपल्याच गावातलं उदाहरण आहे. तक्ता शिकवणाऱ्यांना हसण्याआधी ते आठवलेलं बरं.

मासा, लिंबू आणि कल्हई

तक्त्यातली सगळ्यात विचित्र सुरी म्हणजे फिश नाइफ. पातं रुंद, धार जवळजवळ नाही, टोकाशी एक खाच. कापायला तिचा उपयोग नाही, कारण शिजलेल्या माशाला कापावं लागतच नाही. तिचं काम उलथन्याचं आहे: काट्यावरून मांस अलगद सरकवून उचलायचं. आपल्याकडे हे काम बोटं करतात. बांगड्यातला बारीक काटा बोटांच्या टोकांना कळतो, मग जिभेला कळतो, आणि तोवर डोळे टीव्हीवर असले तरी चालतं.

मग ही वेगळी सुरी आली कशी? एक कारण धातूचं आहे. स्टेनलेस स्टील यायच्या आधी सुरीचं पातं साध्या पोलादाचं असे. माशावर लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की पोलाद काळं पडायचं आणि अन्नाला लोखंडाची चव लागायची. चांदीला तो त्रास नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्यांना परवडलं त्यांनी माशासाठी चांदीच्या किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या सुऱ्या घेतल्या. फळं कापायच्या छोट्या सुऱ्यांचीही गोष्ट हीच. आपल्याकडे आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात कळकतो, म्हणून भांड्याला आतून कल्हई करतात. तांबट आळीच्या आसपास वाढलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. तिकडे कळकण्यावर उपाय म्हणून चांदी लावली, आपण कथील लावलं.

मग १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने गंज न चढणारं पोलाद बनवलं आणि फिश नाइफचं धातूचं कारण संपलं. सुरी मात्र टेबलावर राहिली. कारण संपल्यावरही जी वस्तू राहते, ती कशासाठी राहते याची चौकशी समीक्षकाने करायलाच हवी.

त्या चौकशीत एक गमतीची गोष्ट सापडते. ज्या इंग्रज उमरावांच्या नावाने हा तक्ता शिकवला जातो, त्यांतले जुन्या घराण्यांचे लोक फिश नाइफला हसायचे. त्यांच्या मते ती नव्याने पैसा आलेल्यांनी दुकानातून विकत आणलेली वस्तू होती. जॉन बेट्जेमनची एक प्रसिद्ध विनोदी कविता याच चेष्टेवर उभी आहे आणि नॅन्सी मिटफर्डने १९५६ साली काढलेल्या 'नोब्लेस ओब्लीज' या पुस्तकात ती आहे. म्हणजे पुण्यात जी सुरी ओळखता आली नाही म्हणून एखाद्या मुलाचे कान लाल होतात, तीच सुरी टेबलावर दिसली म्हणून तिकडे यजमानाची टर उडायची. एकीकडे ती ओळखता न येणं गावंढळ, दुसरीकडे ती घरात असणंच गावंढळ. मासा दोन्हीकडे सारखाच.

बोथट, मग दातेरी

उजवीकडची मुख्य सुरी, डिनर नाइफ, हातात घेऊन बघा. टोक गोल, धार जेमतेम. तिचं पातं नेहमी आपल्या प्लेटकडे वळवून ठेवतात, शेजाऱ्याकडे नाही. यामागे मोठा इतिहास आहे. मध्ययुगात युरोपातला माणूस स्वतःची टोकदार सुरी कमरेला लावून जेवायला जायचा आणि तिनेच मांस टोचून तोंडात घालायचा. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियासने १९३९ सालच्या 'सभ्यतेची प्रक्रिया' या विषयावरच्या ग्रंथात दाखवलं की टेबलावरचे सुरीचे नियम हे भीतीचे नियम आहेत. सुरी तोंडाकडे न्यायची नाही, कोणाकडे रोखायची नाही, देताना मूठ पुढे करायची. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६९ साली टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली आणि टोकं गोल करायला लावली. आपण 'मानेवर सुरी' म्हणतो तेव्हा जी भीती असते तीच ही. आपण सुरी टेबलावर आणलीच नाही; त्यांनी आणून तिचे दात पाडले.

मग पंचाईत झाली. बोथट सुरीने जाड मांस कापेना. म्हणून धार परत आणावी लागली, स्टेक नाइफच्या रूपात. तिच्या दात्यांमागे एक साधं यंत्रशास्त्र आहे. सरळ धार चिनी मातीच्या प्लेटवर घासून लवकर मरते. दातेरी पात्यात प्लेटला टेकतात ती फक्त दात्यांची टोकं. मधल्या खोबणींतली धार प्लेटला लागतच नाही, म्हणून टिकते.

पुण्यातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिली खरी टेबलसुरी येते ती सिझलरबरोबर. कॅम्पातल्या 'द प्लेस'सारख्या ठिकाणी वाढदिवसाला नेतात, धूर सोडत लाकडी पाटावरचा तापलेला तवा येतो, आणि त्याबरोबर लाकडी मुठीची दातेरी सुरी. बहुतेकदा तव्यावर काय असतं? पनीर. किंवा बटाट्याची टिक्की. ज्या सुरीचा जन्म चिवट मांसासाठी झाला, तिने आपण पनीर कापतो. यात हसण्यासारखं आहे, पण चूक काही नाही. पनीर कापणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा बघा: त्याला कोणीतरी पहिल्यांदाच धार हातात दिलेली असते आणि तो ती जबाबदारीने वापरत असतो.

चीज नाइफबद्दल थोडक्यात. पात्याला भोकं असतात ती मऊ चीज पात्याला चिकटू नये म्हणून. टोक दुभंगलेलं असतं ते कापलेला तुकडा टोचून उचलता यावा म्हणून. या सुरीवर माझा आक्षेप नाही. तिच्या अंगावरच तिचं कारण लिहिलेलं आहे.

डावा हात

तक्ता एक गोष्ट कधीच मोठ्याने सांगत नाही. सुरी उजव्या हातात आणि काटा डाव्या, याचा अर्थ घास डाव्या हाताने तोंडात जातो.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी डाव्या हाताने जेवल्याबद्दल टपली बसलेली आहे. उजवा हात जेवायचा, डावा वाढून घ्यायचा. डावा कोरडा ठेवायचा म्हणजे पाण्याचं भांडं धरता येतं. ही वळणं अंगात इतकी मुरलेली असतात की काट्या-सुरीपुढे माणूस अडखळतो तो अडाणी म्हणून नाही, तर नीट वाढवलेला म्हणून. मग आपण काय करतो? आधी सगळं कापून घेतो, सुरी खाली ठेवतो, काटा उजव्या हातात घेतो आणि सुखाने खातो. ब्रिटिश पद्धतीच्या शिक्षकाला हे चालत नाही. अमेरिकेत मात्र काटा हात बदलणं हीच रूढ रीत आहे. तेव्हा कोणी तुम्हाला हात बदलताना टोकलं, तर आपण अमेरिकन पद्धतीने जेवतोय असं शांतपणे सांगा.

खुणांचंही तसंच. काटा-सुरी प्लेटवर शेजारी-शेजारी ठेवली की जेवण झालं, फाकवून ठेवली की अजून चाललंय. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की आपण ताटावर आडवा हात धरतो, त्याच जातीची ही खूण आहे. फरक एवढाच की आपल्या आडव्या हाताला वाढपी सहसा जुमानत नाही.

उपयोगाचं सांगायचं तर सगळं एवढंच आहे: आखूड आणि गोल ती लोण्याची, रुंद आणि बिनधारेची ती माशाची, दातेरी ती मांसाची, उरलेली ती बाकी सगळ्याची. बाहेरून आत या. शंका आली तर घोटभर पाणी प्या आणि यजमान काय उचलतो ते बघा. नोकरीसाठी ज्यांना शिकायचं आहे त्यांनी जरूर शिकावं. खडकवासल्याला कॅडेट शिकतात, हॉटेलात काम करणारी मुलं शिकतात, त्यांच्या कामाचा तो भाग आहे. पण ज्या कामात सुरी लागतच नाही, त्या कामाच्या निवडीत सुरी मोजणं हा माणूस गाळायचा सोयीस्कर मार्ग आहे. त्याला शिष्टाचार म्हणायला माझी हरकत आहे.

विळी

इथवर आलं की आपल्यातला स्वाभिमानी माणूस खूश होतो. बघा, त्यांच्या ताटात हत्यारं, आपल्या ताटात फक्त बोटं. आपलं जेवण कसं अहिंसक, कसं आपलेपणाचं!

ही कल्पना आपलीच नाही. रोलाँ बार्तने १९७० साली जपानवर लिहिलेल्या पुस्तकात चॉपस्टिकचं असंच कौतुक केलं. चॉपस्टिक टोचत नाहीत, कापत नाहीत, नुसत्या उचलतात. त्यामुळे अन्न हे शिकार राहत नाही, असा त्याचा मुद्दा. एलियासनेही नोंदवलं आहे की चिनी लोकांच्या नजरेत युरोपीय माणूस तलवारीने जेवणारा रानटी होता. वाचायला हे फार छान वाटतं. पण बार्त ज्या टेबलावर बसला होता, तिथून त्याला स्वयंपाकघर दिसत नव्हतं. ताटातून सुरी गेली म्हणजे ती नाहीशी झाली असं नाही. ती भिंतीपलीकडे गेली.

आपल्याकडे भिंतीपलीकडे विळी होती. जमिनीवर बसायचं, पाट पायाखाली दाबायचा, पातं उभं. सुरीत पातं अन्नाकडे जातं. विळीवर अन्न पात्याकडे न्यावं लागतं, दोन्ही हातांनी. धार स्थिर आणि हात हलते. टोकाला खवणी असली की त्याच बैठकीत नारळही खवून होतो. एका विळीवर होणाऱ्या कामांची यादी करा: भाजी चिरणं, कांदा उभा चिरणं, फळाच्या फोडी करणं, फणस फोडणं, मासा साफ करणं, कोथिंबीर बारीक करणं, नारळ खवणं. युरोपच्या टेबलावर नामांची गर्दी झाली, दर पदार्थाला वेगळी सुरी. आपल्या स्वयंपाकघरात क्रियापदांची गर्दी झाली, आणि ती सगळी क्रियापदं एकाच बाईने चालवली.

तेव्हा मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर असं: आपल्या जेवणात कापायचं काही नसतं, कारण ते कापून झालेलं असतं. इंग्रजी टेबलावर जेवणारा आपला तुकडा स्वतः कापतो. आपल्या पाटावर बसणाऱ्याला भेंडीची चकती, काकडीची कोशिंबीर, आंब्याची फोड तयार मिळते. आपल्या ताटाचं सुरीशिवाय असणं हे ज्या हातांमुळे शक्य झालं, ते हात त्या पंगतीत नसायचे. ते नंतर जेवायचे.

पुढे स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला आणि विळीची बैठक गेली. काही घरांत विळी ओट्यावर चढली, बहुतेक घरांत तिची जागा सुरी आणि चॉपिंग बोर्डने घेतली. पाठीला, गुडघ्यांना आराम पडला, हे चांगलंच झालं. पण बसून कापायचं ते उभ्याने कापायला लागलो, यात कापणारी व्यक्ती बदललीच असं नाही.

अडकित्ता

तरीही एक पातं आपल्या बैठकीत उजळ माथ्याने यायचं: अडकित्ता. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन बघा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि १९६२ साली हजारो वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र सरकारकडे सोपवला. त्यातले अडकित्ते पाहण्यासारखे आहेत. पक्षी, घोडे, माणसांच्या जोड्या. सुपारी कातरायला यातलं काहीही लागत नाही. लागतात फक्त दोन दांडे आणि एक पातं.

मग ही कलाकुसर कशासाठी? जेवण झाल्यावर, पानाच्या तबकातून, चारचौघांसमोर अडकित्ता निघायचा. पाहुण्यांच्या नजरेत यायचा. इंग्रजांच्या टेबलावर जे चांदीच्या सुरीने केलं ते आपल्या बैठकीत अडकित्त्याने केलं. जे पातं पाहुण्यांसमोर येतं त्याच्यावर मोर बसतो. दिवसातून दोनदा घरभराची भाजी चिरणारी विळी मात्र साधीच असते. वापरून वापरून तिचं पातं झिजतं, मधे खोलगट होतं, आणि दारावरून धारवाला ओरडत गेला की तेवढ्यापुरती तिची चौकशी होते.

म्हणून मला तक्ता आणि आपला अभिमान, दोन्ही सारखेच अपुरे वाटतात. तक्ता सांगतो, सुरी कशी धरतोस त्यावरून तू कोण ते ठरेल. अभिमान सांगतो, आमच्यात सुरीच नाही म्हणून आम्ही थोर. तक्त्याला कापणाऱ्याचा फक्त हात दिसतो. अभिमानाला कापणारी दिसतच नाही.

प्लॅस्टिकची सुरी

शेवटी, तक्त्यात नसलेली एक सुरी. माझ्या मते पुण्यातली खरी लोकप्रिय टेबलसुरी हीच. केकच्या खोक्याबरोबर मेणबत्तीच्या पाकिटाला चिकटवून फुकट मिळते. पांढरी, प्लॅस्टिकची, दाते असलेली. वाड्यातल्या खोलीत, हिंजवडीच्या ऑफिसात, हॉस्टेलच्या गच्चीवर, रात्री बारा वाजता झेड ब्रिजवर दुचाकीच्या सीटवर ठेवलेल्या केकवर, सगळीकडे ती एकच असते. तिला वाकडं धरलं म्हणून कोणी हसत नाही. ती कोणत्या हातात धरायची हे कोणी शिकवत नाही. दोनचार मित्र एकाच वेळी तिच्यावर हात ठेवतात. माणसांना वेगळं न काढणारी अशी दुसरी टेबलसुरी मला माहीत नाही.

आणि तरी तीही अर्धंच काम करते. ज्याचा वाढदिवस, तो एक चीर देतो, टाळ्या होतात, पहिला घास भरवला जातो, फोटो निघतात. घरात असाल तर मग केक आत जातो. ओट्यावर खरी सुरी निघते. वीस माणसांत सारखे तुकडे पाडले जातात, क्रीमचं फूल वाढदिवसवाल्याच्या बशीत जाईल असं बघितलं जातं, मधुमेहवाल्या काकांचा तुकडा बारीक होतो. शेवटी पुठ्ठ्याला चिकटलेला चुरा बोटाने पुसून कोणीतरी उभ्याउभ्या खातं.

पुढच्या वाढदिवसाला फोटो झाले की केक उचलून आत कोण जातं तेवढं बघा. आणि जमलं तर या वेळी तो तुम्ही न्या.